पाहुणीचे पांढरे पाय

टक. टक. टक. मग एक रिकामी जागा. पुन्हा टक, टक, टक, आणि पुन्हा तीच रिकामी जागा.

बाळ नुकतंच झोपलं होतं. सकाळपासून पहिल्यांदाच घर गप्प झालं होतं, आणि मी खारूच्या खोकल्याच्या औषधाचा चिकट चमचा हातात धरून नुसती उभी होते. सकाळी ते औषध देताना तिचं नाक दाबावं लागलं होतं. पाच वर्षांची पोर, पण औषध म्हटलं की चार माणसांची ताकद येते अंगात. ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतलं, मला "दुष्ट आई" म्हणाली, आणि शाळेत जाताना परत येऊन गळ्यात पडली.

टक. टक. टक.

मागे वळून न बघता मला कळलं कोण आलंय. पाहुणी रोज याच वेळी सैंपाकघरात येते. दाराला डोक्याने ढुशी द्यायची, फरशीवरून खूर वाजवत ओट्यापर्यंत यायचं आणि माझ्या कमरेला नाक घासायचं. दोन वर्षं मी हा आवाज ऐकतेय. त्यात नेहमी चार टक असतात. आज तीनच होते.

मी वळले. पाहुणीने पुढचा उजवा पाय वर उचलून धरला होता. पाय टेकायला घाबरणाऱ्या माणसासारखी ती माझ्याकडे बघत होती.

"काय गं," मी हळूच म्हटलं, "काय झालं तुला?"

खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला, आणि वास आला. तो वास एकदा नाकात गेला की जन्मभर ओळखू येतो. फुलदाणीत आठवडाभर विसरलेल्या पाण्यासारखा, पण त्याहून गोड आणि त्याहून वाईट. खुरांच्या सडीचा वास. बोटाने हलकेच दाबलं तर खुराचं कवच आतल्या मांसापासून सुटून पोपड्यासारखं हललं. पाहुणी कण्हली नाही. मेंढ्या कण्हत नाहीत, दुखणं लपवतात. फक्त तिची पापणी थरथरली.

मी पाय खाली ठेवला. चार वाजता गुरांच्या डॉक्टरीणबाई कळप बघायला येणार होत्या.

*

पाहुणीचं नाव बाबांनी ठेवलं. बाबा म्हणजे माझे सासरे. दोन हिवाळ्यांपूर्वी एक मेंढी विताना गेली, मागे हे एवढंसं कोकरू उरलं, ओलं, गार. मी त्याला टॉवेलात गुंडाळून चुलीजवळच्या खोक्यात ठेवलं. बाबा म्हणाले, "दोन दिवसांची पाहुणी आहे, सूनबाई, जीव लावू नकोस." पण पाहुणी जायचं नाव घेईना. बाटलीने दूध प्यायली, खारूच्या मोज्यांवर झोपली, सोफ्याचा एक कोपरा चावून टाकला. महिन्याभराने बाबाच खोक्यात जुना स्वेटर घालताना सापडले. मी हसले तर म्हणाले, "फाटकाच होता तो."

खारू तेव्हा तीन वर्षांची होती. तिला वाटायचं हे आपलंच भावंड आहे, फक्त जरा केसाळ.

मग गेल्या वर्षी आमच्या कळपात सड शिरली. आधी चार मेंढ्या लंगडल्या, मग अकरा, मग मोजायचं सोडून दिलं. गुडघे टेकून चरणाऱ्या मेंढ्या बघणं फार वाईट असतं. गवत समोर असतं, आणि उभं राहून खाता येत नाही. बाबांनी सगळं कामच अंगावर घेतलं. आमच्या गोठ्यामागे लाकडी फळ्यांची एक अरुंद वाट आहे, मेंढीला मागे वळता येऊ नये इतकी अरुंद. तिच्या टोकाशी सिमेंटचा उथळ, लांबट हौद. त्यात मोरचुदाचं निळं पाणी, पाय घोट्यापर्यंत बुडतील एवढंच. दर शनिवारी एकशे तीस मेंढ्या या हौदात उभ्या करायच्या, मग कोरड्या फरशीवर पाय वाळवायचे, आणि सहा आठवडे झाले की पंधरा दिवस रिकाम्या ठेवलेल्या कोऱ्या कुरणात सोडायच्या.

मला तेव्हा चौथा महिना होता. ओढाओढीचं काम बंद. बाबांनी मला दारावर उभं केलं. वाट संपते तिथे एक झुलतं फळीचं दार आहे. उजवीकडे लोटलं की मेंढी हौदात जाते, डावीकडे लोटलं की सरळ मोकळ्या अंगणात. डावीकडे फक्त अंगावर पिणारी कोकरं. बाकी सगळ्या उजवीकडे. बाबा आणि नवरा मागून कळप हाकत, त्यांना दार दिसत नसे. दार माझं होतं.

पाहुणीही तोवर दिवसा कळपाबरोबरच चरायला जायची. पहिल्याच शनिवारी ती हौदाच्या तोंडाशी अडून बसली. मागच्या मेंढ्यांनी तिला ढकललं, तिचा पाय घसरला आणि ती तोंडावर त्या निळ्या पाण्यात पडली. उठली ती शिंकत, डोळे मिटून, थरथरत. कुंपणावर बसलेल्या खारूने असा टाहो फोडला की माझ्या पोटातलं बाळसुद्धा हललं.

पुढच्या शनिवारी पाहुणी वाटेच्या टोकाशी आली, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि खारू कुंपणावरून ओरडली, "आई, नको ना गं! तिला नको ना!"

मी दार डावीकडे लोटलं.

एकदाच, असं म्हटलं मनाशी. तिला कुठे काय झालंय? धडधाकट तर आहे. पण त्याच्या पुढच्या शनिवारी ती टोकाशी येऊन आपणहून डावीकडे तोंड करून उभी राहिली. शहाणी. मी काय करणार होते? मागून बाबा ओरडायचे, "पाहुणीची झाली का गं?" आणि मी म्हणायचे, "झाली तिची."

दोनच शब्द. दर शनिवारी.

*

सहा आठवड्यांनी कळप कोऱ्या कुरणात गेला. महिन्यात पुन्हा लंगडायला लागला. बाबांना पटेचना. त्यांनी पुन्हा सगळं केलं, तसंच, काटेकोर. पुन्हा लंगड्या. तेव्हा ते शेजारच्या मिशीवाल्या काकांवर उलटले. त्यांच्याकडून वसंतात एक एडका उसना आणला होता. "त्याच्याच एडक्याने आणली सड," बाबा म्हणाले. काकांनी एडक्याचे चारही पाय उचलून दाखवले, स्वच्छ होते. तरी बाबा म्हणाले, "आता धुतलेस, मग दिसतीलच स्वच्छ." चाळीस वर्षं दोघं रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर पत्ते खेळत होते, एकमेकांना लबाड म्हणत. त्या दिवसापासून काका आले नाहीत. पत्त्यांचा जोड खिडकीत पडून राहिला. बाबा कधीकधी तो उचलून पिसत बसायचे, पण पानं मात्र कुणालाच वाटायचे नाहीत.

तेव्हाही मी बोलायला हवं होतं. मला वाटलंच नाही की माझ्या पाहुणीचा याच्याशी काही संबंध असेल. खरं सांगायचं तर वाटलं होतं. एकदा, भांडी घासताना. मग बाळ रडलं, आणि मी ते वाटणं तसंच भांड्यांबरोबर उलटं घालून ठेवलं.

*

डॉक्टरीणबाई चारला दहा कमी असताना आल्या. माझ्याच वयाच्या असतील, पण आवाज असा की एडकासुद्धा वळून बघतो. बाळाची गाडी मी गोठ्याच्या दारात सावलीला लावली. नवरा एकेक मेंढी धरून तिला ढुंगणावर बसवत होता, डॉक्टरीणबाई खूर बघत होत्या, बाबा हातात आपली खुरं कापायची सुरी घेऊन शेजारी उभे.

"ही आधी ठेवून द्या बघू, काका," डॉक्टरीणबाई सुरीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "सडलेलं खूर कापायचं नाही. रक्त निघालं की बरं व्हायला दुप्पट दिवस लागतात."

"तुमच्या जन्माच्या आधीपासून कापतोय मी खुरं."

"म्हणून तर सांगतेय. एवढी वर्षं झाली, आता हाताला जरा विश्रांती द्या."

नवरा मेंढीच्या पाठीमागे तोंड लपवून हसला. बाबांनी सुरी खिशात घातली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

बावीस मेंढ्या लंगड्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले.

"मला एक कळत नाहीये. तुम्ही सगळं बरोबर केलंय. हौद बरोबर, दिवस बरोबर, कुरण बरोबर. हा रोग मातीत दहा-पंधरा दिवसांपलीकडे जगत नाही. तो जगतो खुरात. म्हणजे दरवेळी कोऱ्या कुरणात तुमच्याबरोबर कुणीतरी तो घेऊन जातंय. एखादी हौदातून निसटतेय."

"एकही नाही," बाबा म्हणाले. आणि मग, अभिमानाने, माझ्याकडे हात करून, "दारावर माझी सून असते. माझ्याहून कडक आहे. तिच्या हातून माशीसुद्धा कोरडी जायची नाही."

मी बाळाच्या गाडीचा दांडा धरला होता. तो हातात गार लागत होता.

तेवढ्यात सैंपाकघराचं दार करकरलं आणि पाहुणी बाहेर आली. मी ते नीट लावायला विसरले होते. तीन पायांवर, हळूहळू, सरळ माझ्याकडे. ऊन तिच्यावर पडलं होतं. गोठ्यातल्या सगळ्या मेंढ्यांचे पाय घोट्यापर्यंत निळसर-हिरवे दिसत होते, मोरचुदाचा रंग लोकरीत महिने-महिने राहतो. पाहुणीचे चारही पाय दुधासारखे पांढरे होते.

डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. "हिचे पाय पांढरे कसे?"

"ती होय?" बाबा हसले. "नात धुते ते. रोज शाळेतून आली की कोमट पाण्याचं टमरेल घेऊन बसते. राजकन्या आहे ती आमची."

"नुसत्या पाण्याने हा रंग जात नाही, काका."

त्यांनी पाहुणीला बसवलं. एक खूर बघितलं, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी थांबून बोटाने काहीतरी चाचपलं.

"हे आठ-नऊ महिन्यांचं आहे. चारही पायांत. आतून हाडापर्यंत गेलंय. आणि पाय सारखे ओले राहिल्यामुळे कवच पार मऊ पडलंय."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते हौदाकडे बघत होते, मग फळीच्या दाराकडे, मग परत हौदाकडे. मनातल्या मनात वाट चालून येत होते.

"मी सोडायचे तिला," मी म्हटलं. "डावीकडून. दरवेळी. ती पडली होती ना एकदा, त्यानंतर. तुम्ही विचारायचात आणि मी 'झाली' म्हणायचे."

"अगं," नवरा म्हणाला. आधाराला म्हणून त्याने मेंढीची मान धरून ठेवली होती, ती मेंढी त्याच्या हातून निसटून गेली.

मला वाटलं बाबा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली वाकले, पाहुणीचा पाय हातात घेतला आणि खुरावरून अंगठा फिरवला, कुठल्याही मेंढीच्या फिरवतात तसा.

"म्हणजे मिशीवाल्याचा एडका बिचारा..." एवढंच म्हणाले.

"बाबा, माझी चूक झाली."

"ते आपण दोघं बघू. नंतर." त्यांचा आवाज कोरडा होता. "डॉक्टर, हिचं काय?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून सांगितलं. त्यांना सगळं कळलं असावं. "बाकीच्या बावीस सुधारतील. इंजेक्शन देऊ, वेगळ्या ठेवू. हिच्या पायाचं हाड गेलंय, ताई. ठेवली तर दुखत राहणार, आणि दुसऱ्यांना देत राहणार. गाडीत चढवून कुठे पाठवण्यासारखीही नाही. जे करायचं ते इथेच. माझ्याकडे औषध आहे. तिला काही कळणार नाही."

काढून टाकायच्या मेंढीच्या पाठीवर आमच्याकडे लाल खडूची रेघ मारतात. खडू बाबांच्या शर्टाच्या खिशात असतो, आणि आजपर्यंत ती रेघ बाबांनीच मारलीय. कुणी मध्ये बोलत नाही. त्या दिवशी त्यांनी खडू काढला, क्षणभर हातात धरला आणि माझ्यापुढे केला.

"दारावर तू असतेस," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला राग धरता आला असता. मी खडू घेतला. पाहुणी माझ्या कमरेला नाक घासत होती, खिशात काही आहे का बघत. लोकरीवर खडू नीट उमटत नाही, दाबावा लागतो. मला दोनदा मारावी लागली ती रेघ.

"मुलगी शाळेतून येण्याच्या आत उरकू या का?" डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात विचारलं.

नवरा म्हणाला, "हो, तेच बरं." मी म्हटलं, "नको. तिला भेटू दे. आणखी एक. ते ओल्या पायांचं, कवच मऊ पडल्याचं, ते तिच्या कानावर कुणी घालायचं नाही. कधीच."

नवरा खारूला आणायला गेला. बाबांनी टोपी डोक्यावरून काढून हातात घेतली आणि फाटकातून बाहेर पडले. शेजारच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर ते एकदा थांबले, खिशातली सुरी काढून कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि मग पुढे गेले, हातात नुसती टोपी घेऊन.

*

नवऱ्याने गाडीतच तिला सांगितलं होतं, पाहुणीला फार बरं नाहीये, डॉक्टर तिला झोपवणार आहेत. खारू दप्तर पाठीवर तसंच ठेवून धावत आली. पाठीवरची लाल रेघ तिने बघितली. आमच्या घरातलं पोर, तिला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिने रेघेवरून बोट फिरवलं, लाल झालेलं बोट फ्रॉकला पुसलं, आत गेली आणि टमरेल घेऊन आली.

कोमट पाणी तिला मीच काढून दिलं. आता काय बिघडणार होतं?

पाहुणी गोठ्याच्या सावलीत बसली होती. डॉक्टरीणबाई त्यांच्या गाडीपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. खारूने मांडी घातली आणि एकेक पाय धुवायला घेतला. नेहमीसारखंच, बोटांच्या मधे, खुराच्या कडेने. उजव्या पायापाशी आल्यावर तिने नाक मुरडलं, पण थांबली नाही.

"आई, हे कशानं झालं?"

"आत सड झाली, सोन्या."

"बाकीच्यांना पण झाली. त्या बऱ्या होणार आहेत, बाबा म्हणाला गाडीत. मग हिला का एवढी?"

"त्या निळ्या पाण्यातून जात होत्या. ही नाही गेली."

"का नाही गेली?"

"मी जाऊ दिलं नाही. मला तिची दया आली. माझी चूक होती ती. फक्त माझी."

खारूने पाणी ओंजळीत घेतलं आणि सोडलं. पाहुणीने तिच्या कानाशी हुंगलं. बाळ गाडीत जागं होऊन स्वतःशीच काहीतरी बोलत होतं. दूर शेजारच्या ओसरीवर दोन माणसं बसलेली दिसत होती, एकाची टोपी गुडघ्यावर होती.

"मी म्हटलं होतं ना," खारू म्हणाली. "कुंपणावरून. 'नको' म्हणून. मी रडले होते."

"तू लहान होतीस गं."

"मी आज पण रडले. औषधाला. किती वेळा म्हटलं तुला नको, नको. तरी तू माझं नाक दाबलंस." तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पाहुणीचा पांढरा, ओला पाय तिने दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

"मग तेव्हा तू माझं का ऐकलंस, आई?"